दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय तरी काय?

आमच्या भागात माणूस आजारी पडला की कुठल्या दवाखान्यात जाईल याचा नेम नाही. निपाणी-चिक्कोडीकडचा कोल्हापूरला सीपीआरला जातो, अथणी-कागवाडचा मिरज गाठतो, खानापूरचा बेळगावला नाहीतर थेट गोव्यात बांबोळीला, आणि बाकीचे बेळगावात सिव्हिल नाहीतर केएलई. परत येताना प्रत्येकाच्या हातात एक फाईल असते. फाईलीतलं सगळं इंग्रजीत, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचं सगळं कन्नडात, आणि घरात वाट बघत बसलेली माणसं मराठी बोलणारी. मी मेडिकलच्या काउंटरवर बसतो त्यामुळं ती फाईल बऱ्याचदा माझ्यासमोर उघडते आणि प्रश्न ठरलेला, "अण्णा, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा की."

सगळे शब्द सांगत बसलो तर पुस्तक होईल. म्हणून इथं तेच शब्द घेतोय जे उलटे समजले की माणसाचे पैसे जातात, झोप जाते, कधी कधी जीव पण जातो. आजार कुठला ते डॉक्टरच ठरवणार, त्यात आपण पडायचं नाही, खरं डॉक्टर काय म्हणतायत ते कळलं तर नीट प्रश्न तरी विचारता येतो.

गोळ्यांपासून सुरू करतो. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं असलं तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे बहुतेकांना माहीत आहे. काही डॉक्टर आकडे न लिहिता अक्षरं लिहितात, ती लॅटिन भाषेतनं आलेली आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस किंवा टीआयडी म्हणजे तीनदा. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस म्हणजे झोपताना आणि स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. सगळ्यात जास्त घोटाळा होतो एसओएसचा. मोबाईलमुळं एसओएस म्हटलं की लोकांना संकट आठवतं, मग काहीजण ती गोळी सगळ्यात महत्त्वाची समजून रोज घेतात. चिठ्ठीवर त्याचा अर्थ एवढाच, की त्रास झाला तर घ्या, नाही झाला तर घेऊ नका. ती घ्यायची वेळ आली तर दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर ठेवायचं हे मात्र आधी विचारून ठेवा, कारण तापाची पॅरासिटामॉल एका कंपनीच्या पट्टीवर एका नावानं असते, दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर दुसऱ्या, आणि सर्दीच्या गोळीत पण तीच घातलेली असते. गावातल्या डॉक्टरची एक चिठ्ठी, मिरजेची दुसरी, आणि माणूस एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतोय, असं होतं. धडधाकट मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ६५०च्या सहाच गोळ्या, त्याच्या वर लिव्हरला धोका. दारू पिणाऱ्याला आणि लिव्हर आधीच बिघडलेल्याला त्याहून कमी. म्हणून पट्टीवरचं मोठं नाव सोडा, त्याच्या खालचं बारीक अक्षरातलं बघा, खरं औषध तिथं लिहिलेलं असतं.

अजून एक, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. सांधेदुखीच्या एका प्रकारात, ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर 'वीकली' लिहिलेलं असतं, घरातल्या कुणाच्या लक्षात येत नाही आणि आजी इतर गोळ्यांसारखी ती पण रोज घेत सुटते. त्यानं तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी तयार व्हायच्या थांबतात, माणूस दगावू शकतो. पट्टीवर पेननं वार लिहून ठेवा, 'फक्त रविवारी' असं, मराठीत.

आता डिस्चार्ज कार्ड. वरच्या ओळीत सीओ, एचओ, केसीओ असली अक्षरं असतात. सीओ म्हणजे पेशंट काय तक्रार घेऊन आला, एचओ म्हणजे आधी काय काय झालं होतं, केसीओ म्हणजे कुठला आजार आधीपासून माहीत आहे. त्याच्यापुढं डीएम असेल तर शुगर, एचटीएन असेल तर बीपी.

ह्या एचटीएनचं पूर्ण नाव हायपरटेन्शन, आणि त्यातल्या 'टेन्शन'नं फार नुकसान केलंय. "मला कसलं टेन्शन? पोरं कामाला लागली, कर्ज फिटलं," असं म्हणून लोक गोळी बंद करतात. त्या शब्दाचा मनाच्या काळजीशी काही संबंध नाही, तो ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा. साधारण १२०/८० ला नॉर्मल म्हणतात, आणि वेगवेगळ्या वेळी मोजून पण १४०/९० किंवा त्याच्या वर राहिलं तर हायपरटेन्शन. शांत स्वभावाच्या माणसाला पण होतं. बहुतेकांना त्याचा कसलाच त्रास जाणवत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि आत किडनी, डोळे, मेंदूवर परिणाम होत राहतो. त्रास नाही म्हणून गोळी थांबवायची नसते.

हायपर म्हणजे जास्त आणि हायपो म्हणजे कमी. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, फोनवर तर फारच. शुगरवाल्याच्या घरात हा फरक पाठ पाहिजे. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर ७०च्या खाली जाणं. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, मग माणूस काहीतरीच बरळतो. इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं, किंवा गोळी घेऊन उपास धरला, की होतं. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, ते श्वासनळीत जाईल, तडक दवाखाना. "शुगरवाल्याला साखर कशी द्यायची" म्हणून घरातली माणसं त्या घडीला अडून बसतात, आणि तिथंच वेळ जातो.

ॲक्यूट आणि क्रॉनिक. ॲक्यूट म्हणजे अचानक झालेलं, क्रॉनिक म्हणजे बरेच दिवस चाललेलं. कुठलं भयंकर आणि कुठलं साधं हे ह्या शब्दांवरनं कळत नाही. ॲक्यूट सर्दी पण असते आणि ॲक्यूट हार्ट अटॅक पण.

हृदयाच्या शब्दांवर मात्र जरा थांबूया. हार्ट अटॅक, कार्डियाक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर हे तीन वेगळे प्रकार आहेत, आपल्याकडं तिन्हीला 'अटॅक आला' म्हणतात. हृदयालाच रक्त देणारी नळी बंद झाली आणि तिथला स्नायू मरायला लागला की हार्ट अटॅक, कार्डावर त्याला एमआय लिहितात. माणूस शुद्धीत असू शकतो, बोलू शकतो, चालत पण येतो. अरेस्ट म्हणजे हृदयाचं रक्त ढकलणंच थांबलं, माणूस कोसळला, हाक मारली तर उत्तर नाही, श्वास नाही. तिथं एकानं १०८ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नव्हे, त्याची ताकद कमी पडलीय, म्हणून पायाला सूज येते, रात्री आडवं झालं की दम लागतो. गोळ्यांवर माणसं वर्षानुवर्षं जगतात. 'फेल' शब्द वाचून घरात रडारड झालेली मी बघितलीय.

तसंच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एक पोरगा आईचा रिपोर्ट घेऊन आला, चेहरा पांढरा पडलेला. "अण्णा, आईचं हार्ट साठच टक्के चालतंय म्हणे. चाळीस टक्के गेलं." रिपोर्टवर एलव्हीईएफ ६०% लिहिलं होतं. मी त्याला आधी खुर्ची दिली आणि मग सांगितलं, की बाबा, हे नॉर्मल आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं प्रत्येक ठोक्याला किती बाहेर पडलं, त्याची ती टक्केवारी. चांगल्या हृदयात पण सगळं रक्त कधीच बाहेर पडत नाही, ५५ ते ७० टक्केच पडतं. शाळेच्या मार्कांसारखं शंभरपैकी बघायचंच नाही. ४० किंवा त्याच्या खाली असेल तर पंप कमजोर झालाय म्हणतात, आणि तेव्हा मात्र डॉक्टर सांगतील ते मीठ-पाण्याचं पथ्य काटेकोर पाळायला पाहिजे.

अँजिओग्राफी ही तपासणी, नळ्यांत औषध सोडून फोटो काढतात. अँजिओप्लास्टी हा उपचार, फुग्यानं नळी रुंद करतात आणि बहुतेक वेळा आत स्टेंट म्हणजे जाळीची बारकी नळी बसवतात. सही करायच्या आधी ह्यातलं कुठलं ते विचारून घ्या, दोन्हीच्या खर्चात फार फरक आहे.

लकव्याचं मला मनापासून सांगायचंय. कार्डावर सीव्हीए किंवा स्ट्रोक लिहिलं असेल तर तो लकवा, आणि तो मेंदूचा आजार, हातापायाचा नव्हे. मेंदूतली नळी बंद झाली तर इन्फार्क्ट, फुटली तर हेमरेज. तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलेना, जीभ जड झाली, ह्यातलं काहीही अचानक दिसलं की आधी घड्याळ बघा. नळी बंद झाली असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, खरं ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. त्यामुळं सीटीची सोय असलेलाच दवाखाना गाठायचा. घरातनं ॲस्पिरिन वगैरे काही द्यायचं नाही, नळी फुटलेली असली तर ते विषासारखं. आपल्याकडं अजून पण आधी झाडपाल्याचं औषध, मग मालिश, मग तिसऱ्या दिवशी दवाखाना असं चालतं. नंतर फिजिओथेरपीनं बरंच सुधारतं, खरं ते साडेचार तास परत येत नाहीत. झोपेतनं उठल्यावर कळलं असेल तर डॉक्टरला हे सांगा, की शेवटचं धडधाकट कधी बघितलं होतं.

लांबलचक शब्दांची शेपटं ओळखली तरी निम्मं काम होतं. शेवटी 'आयटिस' आलं की त्या भागाला सूज किंवा दाह. गॅस्ट्रायटिस जठराचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा, हिपॅटायटिस लिव्हरचा. 'मेगाली' म्हणजे आकार वाढलाय. 'ऑस्कोपी' म्हणजे आत दुर्बीण घालून बघणं. 'युरिया' लघवीचं काहीतरी, म्हणजे हिमॅच्युरिया असेल तर लघवीतनं रक्त. आणि 'एक्टॉमी' आलं की तो भाग कापून काढणार. हे शेपूट दिसलं की सही करायच्या आधी थांबा.

हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणं. आमच्या भागात बायका म्हणतात, "पिशवी काढली." २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय एवढा गाजला की महाराष्ट्र सरकारला चौकशीला समिती नेमावी लागली. तिकडच्या टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांकडं पण येतात, आणि आपल्या गावातल्या बायकांना पण "काढून टाका, कटकट नको" म्हणणारे भेटतातच. कॅन्सर असेल, काही केल्या न थांबणारा रक्तस्राव असेल, मोठ्या गाठी असतील तर ऑपरेशन लागतं, तिथं घाबरून मागं राहू नये. खरं नुसतं पांढरं जातंय, कंबर दुखतीय म्हणून पिशवी काढायची गोष्ट नाही, आणि कागदावर त्याच्यापुढं बीएसओ लिहिलं असेल तर पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं पण काढणार. पस्तिशी-चाळिशीत ती काढली की पाळी जायचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. तेव्हा विचारा, अंडाशयं कशासाठी काढताय? गोळ्यांनी होणार नाही का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला कुणी अडवू शकत नाही, आणि त्यात डॉक्टरचा अपमान पण नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला एक रेंज छापलेली असते, आपला आकडा त्याच्या बाहेर गेला की ठळक होतो नाहीतर पुढं चांदणी येते. एक चांदणी दिसली म्हणून आजार झाला असं नाही, थोडं इकडंतिकडं चालतं, प्रत्येक लॅबची रेंज पण थोडी वेगळी असते. म्हणून जुना रिपोर्ट शेजारी ठेवून बघायचा असतो. क्रिएटिनिन १.१ वरनं १.४, मग १.८ असं चढत चाललं असेल तर किडनीकडं लक्ष द्यायला पाहिजे, एकच रिपोर्ट घेऊन गेलात तर ती चढण डॉक्टरला दिसणार कशी?

टीएसएच उलटं चालतं. टीएसएच वाढलं म्हणजे बहुतेक वेळा थायरॉईड कमी काम करतंय, कारण मेंदूकडनं थायरॉईडला दिलेला तो हुकूम आहे, काम होईना म्हणून हुकूम वाढतोय. एचबीएवनसी आणि एचबी ह्या दोन वेगळ्या तपासण्या. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, बायकांना १२ आणि पुरुषांना १३च्या खाली गेलं तर कमी धरतात. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.५ किंवा वर असेल तर डायबेटीस. एचबीएवनसी ९ आलंय आणि घरात "रक्त नऊच आहे" म्हणून बीट-खजूर सुरू, असं झालेलं आहे, आणि शुगरवाल्याला खजूर म्हणजे वाढीव साखरच की.

पावसाळ्यात ताप आला की 'टायफॉईड निघाला' हे तर घरोघरी. बऱ्याचदा ते विडाल टेस्टवरनं ठरवलेलं असतं, आणि एकदाच केलेल्या विडालवर फार भरवसा ठेवता येत नाही. पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉईडनं किंवा दुसऱ्याच तापानं पण ती पॉझिटिव्ह येते. पक्की तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात ते, आणि ते ॲन्टिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलेलं बरं. आता हे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं. चांगली बातमी असा त्याचा अर्थ नाही.

बायोप्सी म्हटलं की घरात कॅन्सर झाला असंच धरतात. बायोप्सी म्हणजे बारकासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. कॅन्सर नाही हे सिद्ध करायला पण तीच लागते. रिपोर्टवर बिनाइन असेल तर साधी गाठ, मॅलिग्नंट असेल तर कॅन्सर. आणि "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ह्या समजुतीपायी बायका छातीतली गाठ वर्ष-वर्ष अंगावर काढतात, मग गाठ मोठी होऊनच डॉक्टरपुढं जाते. सुईमुळं नाही, वाट बघितल्यामुळं वाढतो.

गरोदर बाईकडं आपल्याकडं तायी कार्ड असतं, तायी म्हणजे कन्नडात आई. स्कॅनिंगच्या कागदावर एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, ईडीडी म्हणजे त्यापासून २८० दिवस मोजून काढलेली अंदाजाची तारीख, बाळ त्याच दिवशी येईल असं नाही. सिफॅलिक म्हणजे डोकं खाली, ब्रीच म्हणजे पायाळू. प्लासेंटा म्हणजे वार, ती 'लो लाईंग' असेल तर खाली आहे, पाचव्या महिन्यात खाली असली तरी पुढं बऱ्याचदा वर सरकते. जी-पी-एल-ए ह्या अक्षरांपुढं आकडे असतात. जी म्हणजे कितव्यांदा दिवस गेलेत, पी म्हणजे बाळंतपणं, एल म्हणजे हयात मुलं आणि ए म्हणजे अबॉर्शन. ह्या शेवटच्या अक्षरावरनं एका घरात सासूनं सुनेला नको ते बोललेलं मला माहीत आहे. डॉक्टरी भाषेत आपोआप गर्भ पडला तरी त्याला अबॉर्शनच लिहितात. त्या पोरीनं काही केलेलं नव्हतं, तिचं मूल गेलं होतं. कुणाच्या घरी हे अक्षर दिसलं तर कृपा करून हे सांगा.

सरकारी दवाखान्यात कन्नड पाट्यांपुढं गोंधळलेली माणसं दिसतात, त्यांच्यासाठी थोडं. होररोगी विभाग म्हणजे ओपीडी, ओळरोगी म्हणजे ॲडमिट पेशंट. तुर्तु चिकित्से म्हणजे इमर्जन्सी, हा शब्द तेवढा घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. हेरिगे म्हणजे बाळंतपण, प्रयोगालय म्हणजे लॅब. सक्करे कायिले म्हटलं तर शुगर, रक्तदोत्तड म्हणजे बीपी.

आणि बेळगावातनं पेशंट उचलून मिरजेला नाहीतर कोल्हापूरला न्यायचं ठरलं, तर कार्डावर काय शेरा पडतोय ते बघा. 'रेफर्ड' असेल तर डॉक्टरनं स्वतः पुढं पाठवलंय. डामा किंवा लामा असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध तुम्ही नेताय, आणि विम्याचा क्लेम करताना त्या शेऱ्यावरनं प्रश्न विचारले जाऊ शकतात. न्यायचंच असेल तर तो तुमचा हक्क, फक्त कागद सोडून जाऊ नका. पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर डॉक्टरनं ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. डिस्चार्ज समरी, एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत घ्या आणि वरच्या कागदावर ठळक अक्षरात लिहा, पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे.